हात मानेवर, हसू ओठांवर



मूल लहान असताना त्याच्या संस्काराची आपण फार हौस करतो. बिस्मिल्लाह पढवतो, उजव्या हाताने जेवायला शिकवतो, कुरआनचा नाजिरा पूर्ण झाला की मिठाई वाटतो. तेच मूल तेरा-चौदा वर्षांचे होते, आवाज फुटतो, मिसरूड दिसू लागते, आणि घराची भाषाच बदलते. कालपर्यंत ‘बेटा’ म्हणणारे अब्बा आज केवळ प्रश्न विचारतात : कुठे होतास? कोणाबरोबर होतास? मोबाइल दाखव. मुलगाही मग मोजकी उत्तरे देतो आणि हळूहळू खरी उत्तरे देणे थांबवतो.

या वयाविषयी शरीयतची भूमिका आपण नीट ध्यानी घेत नाही. मूल बालिग झाले की ते अल्लाहपुढे स्वतः उत्तरदायी होते. त्याची नमाज, त्याचा रोजा, त्याचे सत्य आणि असत्य त्याच्याच कर्मपत्रात लिहिले जाते. म्हणजे अल्लाह ज्याला जबाबदार माणूस म्हणून संबोधतो, त्याच्याशी आपण अजूनही पाटी हरवलेल्या बालकासारखे वागत असतो. येथेच खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. जो स्वतः उत्तरदायी झाला, त्याला आई-वडिलांनी वळण लावायचे तरी कसे?

वचकाने काही काम होते, हे मान्य करावे लागेल. वडिलांच्या भीतीने मुलगा फज्रला उठेल, सफेत उभाही राहील. परंतु कर्माचे मोल नियतीवर असते, हे आपण सर्व जाणतो. वचक शरीराला सफेत उभे करतो, नियतीला उभे करू शकत नाही. अब्बा गावाला गेले की नमाजही गावाला जाते, हा अनुभव कितीतरी घरांचा आहे. नियत जागी व्हायची तर मुलाच्या मनाला थोडी मोकळी जागा हवी. सबर आणि विनोद ती जागा निर्माण करतात.

प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेत आले तेव्हा हजरत अनस (रजि.) सुमारे दहा वर्षांचे होते. पुढील दहा वर्षे, म्हणजे नेमकी आज आपल्याला अवघड वाटणारी वर्षे, त्यांनी प्रेषितांच्या सेवेत काढली. सहीह मुस्लिममध्ये त्यांनीच सांगितलेला एक प्रसंग आहे. एके दिवशी प्रेषितांनी त्यांना एका कामासाठी जायला सांगितले. अनस तोंडाने ‘मी जाणार नाही’ म्हणाले. मनात मात्र जायचेच होते. बाहेर पडले, तर वाटेत मुले खेळत होती. तेथेच ते रेंगाळले. इतक्यात मागून कोणीतरी मान धरली. वळून पाहतात तो प्रेषित (स.), आणि चेहऱ्यावर हसू. त्यांनी अनस हे नाव लाडाने छोटे करून ‘उनैस’ अशी हाक मारली आणि सांगितलेल्या ठिकाणी गेलास का, असे विचारले. अनस म्हणाले, हो, हा निघालोच.

गोंदियाला लागून असलेल्या आमच्या कुडव्यात हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. धान निघाल्यावर रिकाम्या झालेल्या बांध्यांत क्रिकेट रंगते आणि दुकानातून साखर आणायला निघालेला मुलगा तासभर तेथेच असतो. फरक पडतो तो पुढे. आपण सोबत्यांच्या देखत त्याचा उद्धार करतो. साखर घरी येते, पण मुलगा मनाने घरी येत नाही. प्रेषितांच्या त्या कृतीत दोन गोष्टी एकत्र होत्या. हात मानेवर होता, म्हणजे आज्ञा मागे घेतली नव्हती. हसू ओठांवर होते, म्हणजे मुलाचा मान शाबूत होता. आपल्यापैकी काही जण फक्त हात ठेवतात, काही जण फक्त हसून सोडून देतात. दोन्ही एकत्र ठेवणे, हीच सुन्नत.

पवित्र कुरआनातही पित्याची हाक कशी असावी याचे शिक्षण आहे. हजरत लुकमान आपल्या मुलाला उपदेश करताना तीन वेळा ‘या बुनय्या’ म्हणतात (सूरह लुकमान, ३१:१३, १६, १७). ‘माझ्या लाडक्या बाळा’ असा त्या शब्दाचा भाव आहे. तौहीद, नमाज, सबर अशा थोर गोष्टी सांगून झाल्यावर शेवटी ते आवाज खाली ठेवायला सांगतात आणि सर्वांत कर्कश आवाज गाढवाचा असतो, याची आठवण देतात (३१:१९). गंभीर उपदेशाच्या अखेरीस आलेले हे उदाहरण ऐकून त्या मुलाला हसू आले असेल, तर नवल नाही. मात्र ‘हळू बोल!’ हे वाक्य संपूर्ण मोहल्ल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगणाऱ्या आपण वडिलांनी ही आयत आधी स्वतःसाठी वाचावी.

हजरत इब्राहीम (अलै.) यांचे उदाहरण याहून थोर आहे. मुलगा त्यांच्याबरोबर धावपळ करण्याच्या वयाला पोहोचला, तेव्हा स्वप्नात मिळालेला संकेत त्यांनी त्याला सांगितला आणि तुझे मत काय, असे विचारले (३७:१०२). संकेत अल्लाहचा होता, तरीही मुलाचे मत विचारले गेले. आपण मात्र दहावीनंतर कोणती शाखा घ्यायची हे नातेवाइकांना विचारतो, शेजाऱ्यांना विचारतो. ज्याला शिकायचे आहे त्याला शेवटी कळवतो.

येथे एक आक्षेप हमखास येतो. मगरिबनंतर भेटणारे कितीतरी वडील म्हणतात, ‘मौलाना, दहाव्या वर्षी नमाजसाठी मारण्याची हदीस आहे ना?’ हदीस आहे. पण तिचे पहिले वाक्य सातव्या वर्षाचे आहे. सात ते दहा, तीन वर्षे सांगत राहायचे. दिवसाला पाच नमाजा धरल्या, तर ती ५,४७५ आठवणी होतात. पहिल्या पाच हजार आठवणी गाळून थेट शेवटच्या वाक्यावर येणे, हा हदीसवर अमल नव्हे. शिवाय फकीहांनी त्यालाही कडक मर्यादा घातल्या आहेत : इजा होऊ नये, तोंडावर मारू नये, स्वतःचा राग शमवण्यासाठी मारू नये. आणि ज्यांच्यापासून ही हदीस आली, त्यांनी युद्धाचा प्रसंग वगळता कोणावरही, सेवकावरही, कधी हात उगारला नाही, अशी साक्ष हजरत आयेशा (रजि.) देतात.

आपल्या विद्वानांनाही हे ठाऊक होते. इमाम गजाली (मृत्यू इ. स. ११११) लिहितात की, मुलाची पहिली चूक पाहूनही न पाहिल्यासारखी करावी, विशेषतः ते मूल स्वतः ती लपवू पाहत असेल तर; आणि सारखे बोलू नये, कारण बोलणी खाण्याची सवय झाली की शब्दाचे वजन उरत नाही. इब्ने खल्दून यांनी १३७७ मध्ये लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’त बजावले आहे की, सक्तीत वाढलेले मूल आळशी होते आणि शिक्षा चुकवण्यासाठी खोटे व कपट शिकते. ‘आमचा मुलगा खोटे बोलतो’ अशी तक्रार करण्यापूर्वी, आपल्या घरात खरे बोलण्याची किंमत किती ठेवली आहे, हे आपण तपासावे.

परंतु विनोद म्हणजे टिंगल नव्हे. मुलाच्या मुरुमांवरून, जाडीवरून, गुणांवरून पाहुण्यांसमोर हशा पिकवणे आणि वर ‘गंमत केली’ म्हणणे, याला कुरआनने मज्जाव केला आहे. एकमेकांची टर उडवू नये, वाईट नावे ठेवू नयेत, ही आज्ञा (४९:११) आपल्या जेवणघरालाही लागू आहे. मुलींच्या बाबतीत तर अधिक जपावे. हजरत फातिमा (रजि.) येत तेव्हा प्रेषित (स.) उठून उभे राहत आणि त्यांना आपल्या जागेवर बसवत. प्रेषित विनोद करीत, पण त्यातही सत्यच बोलत. कसोटी सोपी आहे : हसून झाल्यावर मूल आपल्या जवळ सरकले की दूर गेले?

काही वेळा हसू कामाचे नसते. मुलाच्या खिशात खर्रा सापडला, तो मोबाइलवर पैशांचा जुगार खेळू लागला, परवान्याविना गाडी पळवू लागला, तर स्पष्ट बोललेच पाहिजे. तेथेही सबर सुटू नये. एका तरुणाने प्रेषितांकडे चक्क व्यभिचाराची परवानगी मागितली. लोक त्याच्यावर ओरडले. प्रेषितांनी त्याला जवळ बसवले, तुझ्या आईसाठी, बहिणीसाठी हे तुला आवडेल का, असे विचारले आणि अंगावर हात ठेवून त्याच्यासाठी दुआ केली. परवानगी मिळाली नाही. मुलगा मात्र गमावला गेला नाही. अजानची नक्कल करून खिदळणाऱ्या अबू महजूरा (रजि.) यांनाही प्रेषितांनी बोलावून घेतले, अजान शिकवली, दुआ दिली आणि मक्केचे मुअज्जिन केले. त्या टवाळीतला खणखणीत आवाज त्यांनी ओळखला होता.

एवढे करूनही मूल ऐकेलच, याची हमी नाही. हजरत नूह (अलै.) यांनी तुफानाच्या लाटांतून आपल्या मुलाला हाक मारली, तीही ‘या बुनय्या’ हीच (११:४२). तो आला नाही. हिदायत अल्लाहच्या हाती आहे. हाकेतला गोडवा आपल्या हाती आहे. ज्यांची मुले आज दूर आहेत, त्यांनी ही हाक थांबवू नये.

मराठी वाचकाला ‘श्यामची आई’ परिचित आहे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ते लिहिले. मोठा झालेला मुलगा रात्रीमागून रात्र आईचे प्रसंग सांगतो, अशी त्याची रचना आहे. हजरत अनस (रजि.) यांनीही वृद्धपणापर्यंत हेच केले. त्यांच्याकडून दोन हजारांहून अधिक हदीसी उम्मतला मिळाल्या, त्यांत बाजारात पकडलेल्या मानेची आठवणही आहे. आपली मुलेही एके दिवशी त्यांच्या मुलांना आपल्याविषयी सांगतील. निकालाच्या दिवशी कमी गुण घेऊन मुलगा सरळ घराकडे आला की नाक्यावर अंधार पडेपर्यंत घुटमळला, हे त्या गोष्टींत येईल. पहिले पाप घडल्यावर मुलाला पहिले दार आपल्याच घराचे आठवावे, एवढी कमाई या वर्षांत आई-वडिलांनी केली तरी पुष्कळ झाले.

अल्लाह आपल्या मुलामुलींना नमाज कायम करणारे आणि आपल्या डोळ्यांना थंडावा देणारे बनवो. आणि आपल्याला असा सबर देवो ज्यात कटुता नसेल, असे हसू देवो ज्यात कोणाचा अपमान नसेल. आमीन.