गेटवे ते इंडिया गेट

पहाटे वाकडच्या रस्त्यांवर धावणारे बरेच दिसतात. वजनासाठी, साखरेसाठी धावतो, असं ते मोकळेपणी सांगतात. मनासाठी धावतो, असं सहसा कुणी म्हणत नाही.

राहुल जाधव यांनी मात्र आपली गोष्ट लपवली नाही. मुंबईचं गुन्हेगारी जग, मग व्यसन, आणि पुढे पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, 1986 साली अनिल आणि सुनंदा अवचटांनी सुरू केलेलं. सावरल्यावर ते धावू लागले. 2019 मध्ये तर गेटवे ऑफ इंडियाहून थेट दिल्लीच्या इंडिया गेटपर्यंत धावत गेले, व्यसनमुक्तीसाठी! अर्थात नुसत्या धावण्याने व्यसन सुटत नाही, उपचार आधी.

2017 चा मानसिक आरोग्य कायदा दारू-ड्रग्जमुळे जडणारे मनोविकार आजारच मानतो. शेजारीपाजारी अजून ‘वाया गेला’ म्हणतात.

घरात कुणाची घालमेल वाढली असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आजच लावा.