न पुसणारी वही आणि माणसाची अब्रू

सूरह अल्-बकरहमधील २८२ वी आयत ही पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत होय. तिचा विषय आहे उधारीचा व्यवहार: तो लिहून ठेवावा, लेखनिकाने न्यायाने लिहावे, साक्षीदार घ्यावेत. स्मरण दगा देते, नियत बदलते. लेखी नोंद दुर्बलाचा हक्क राखते. दुसरीकडे सूरह अल्-हुजुरातमध्ये (४९:१२) तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याच्या खासगी गोष्टींचा माग काढणे, आणि गीबत या दोहोंना स्पष्ट मनाई आहे. नोंद ठेवा, पण माणसाला उघडे पाडू नका. या दोन आज्ञांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न ब्लॉकचेन नावाच्या तंत्राने आज नव्या रूपात उभा केला आहे.

ब्लॉकचेन ही एक सामाईक हिशेबवही आहे. तिच्या प्रती एकाच पेढीत नसून अनेक संगणकांवर असतात. प्रत्येक पानावर मागील पानाचा अंकीय ठसा उमटवलेला असतो. मागचे एक अक्षर जरी बदलले, तरी पुढील ठसे जुळेनासे होतात आणि लबाडी उघडकीस येते. जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइनबरोबर ही रीत व्यवहारात आली. एकदा लिहिलेले कोणा एकाला खोडता येत नाही, हेच तिचे बळ.

कायद्याची मागणी नेमकी उलट आहे. मे २०१८ पासून लागू असलेल्या युरोपीय संघाच्या ‘जीडीपीआर’ नियमावलीत कलम १६ अन्वये आपली चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा, तर कलम १७ अन्वये विशिष्ट परिस्थितीत ती पुसून घेण्याचा हक्क आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पुढे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाच्या कलम १२ मध्ये दुरुस्तीचा व पुसून टाकण्याचा हक्क आला.

येथे कोणी म्हणेल, “लिहिलेले खरे असेल तर ते राहीना का! प्रामाणिक माणसाला लपवायचे काय?” हा युक्तिवाद आपल्या परंपरेत टिकत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी गीबतीचा अर्थ समजावताना हाच भेद सांगितला: पाठीमागे सांगितलेला दोष खरा असेल तर ती गीबत, खोटा असेल तर तो बोहतान. म्हणजे एखादी गोष्ट खरी आहे एवढ्याने ती जगापुढे मांडण्याचा परवाना मिळत नाही. शिवाय आपली श्रद्धा आहे की प्रत्येकाची कर्मे फरिश्ते लिहीत असतात; तरीही खऱ्या तौबेने गुनाह माफ होतात. अल्लाहच्या दरबारातील नोंदीतही परतून येणाऱ्याला वाट आहे. मग माणसांनी केलेल्या वहीत कोणाचे जुने दिवाळे, आजार किंवा तलाक कायमचा कोरून ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आणि पुन्हा त्या दीर्घ आयतीकडे पाहा. हातोहात होणारा रोखीचा व्यवहार न लिहिल्यास दोष नाही, अशी सवलत तिच्यातच आहे. लिहिण्याची आज्ञा देणारी आयतच लेखनाला मर्यादाही घालते. ज्याने कोणाचा हक्क राखला जातो तेवढे लिहावे, हे तिचे मर्म मला वाटते.

या मर्यादेचे भान ठेवून काम होऊ शकते. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने जॉर्डनमधील अज़रक छावणीत सीरियन निर्वासितांच्या अन्नखरेदीचा हिशेब ब्लॉकचेनवर ठेवण्यास आरंभ केला. दुकानात बुबुळाच्या तपासणीने ओळख पटे. परंतु माणसाची ओळख निर्वासितविषयक संस्थेच्या वेगळ्या नोंदीत राही आणि साखळीवर व्यवहार तेवढा जाई. हिशेब पक्का, नाव वेगळे.

मात्र नावाच्या जागी ठसा ठेवला की काम झाले, असे समजू नये. दहा अंकी मोबाइल क्रमांकाचाच ठसा घेतला, तर संगणक सारे संभाव्य क्रमांक तपासून मूळ क्रमांक हुडकू शकतो. म्हणून ठसा घेण्यापूर्वी माहितीत एक गुप्त संख्या मिसळतात. मूळ माहिती आणि ती संख्या दोन्ही नष्ट केली, की उरलेल्या ठशावरून माणसापर्यंत पोहोचणे फार कठीण होते. युरोपीय डेटा संरक्षण मंडळाने एप्रिल २०२५ च्या मसुदा सूचनांत बजावले आहे की ‘तंत्राला पुसणे जमत नाही’ ही कायदा मोडण्याची सबब होऊ शकत नाही. याचा अर्थ निर्णय लिहिण्याआधी घ्यायचा आहे. लिहून झाल्यावरची हळहळ व्यर्थ.

हा प्रश्न दूर देशीच्या छावणीपुरता नाही. आपल्या वस्तीतील ज़कात समितीलाही हिशेबाची पारदर्शकता दाखवावी लागते, आणि ती दाखवलीच पाहिजे. परंतु कोणत्या विधवेला किती मिळाले, हे सर्वांना दिसण्याची गरज नाही. गुप्तपणे दिलेल्या दानाला कुरआनने अधिक चांगले म्हटले आहे (२:२७१). किती रक्कम जमली, किती वाटली, हे खुले असावे. घेणाऱ्याचे नाव अमानत म्हणून जपावे. कागदाच्या वहीसाठी हा नियम आवश्यक असेल, तर न पुसणाऱ्या वहीसाठी तो कितीतरी अधिक आवश्यक आहे.

अल्लाह आपणास हक्कांची नोंद न्यायाने ठेवण्याची आणि एकमेकांची अब्रू जपण्याची तौफीक देवो. आमीन.