उदक सोडल्यानंतर

१९७१ साली तुळू भाषेतला पहिला चित्रपट पडद्यावर आला त्याचे नाव ‘एन्न तंगडि’, म्हणजे ‘माझी धाकटी बहीण’; आणि त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्याचे नाव ‘दारेद बुडेदि’, म्हणजे धारेची बायको, जिच्या लग्नात हातावर उदकाची धार धरली गेली ती. कलकत्त्याजवळ बजबजला तेलाच्या आगारात नोकरीस असताना मंगळूरकडचे एक गृहस्थ माझे सहकारी होते, आणि मुंबईत मामाच्या उडपी हॉटेलात लहानाचे मोठे झाल्यामुळे ते मराठी थेट गिरगावची बोलत. ही दोन नावे एका दमात उच्चारून ते हसत आणि म्हणत, “अहो, आमच्याकडचा कुठलाही घरगुती चित्रपट घ्या, प्रेमाची चारसहा गाणी असतात ती असोत, पण खरा खटला बहीण विरुद्ध बायको हाच!” संध्याकाळी हुगळीच्या घाटावर बसून ऐकलेले हे वाक्य मी त्या वेळी विनोद म्हणून सोडून दिले, परंतु त्यातल्या ‘धार’ या शब्दाने माझा पिच्छा काही सोडला नाही.

आपल्या भाषेत एखाद्या वस्तूवर ‘पाणी सोडणे’ म्हणजे तिच्यावरचा हक्क कायमचा टाकणे. दानाचा संकल्प उदकावाचून पुरा होत नाही, आणि एकदा उदक सुटले की दात्याचा त्या वस्तूशी संबंध तुटला, हा धर्मशास्त्राचा आणि वहिवाटीचाही दंडक. गाय दिली, जमीन इनाम दिली, इथवर कोणाची तक्रार नाही. पण मनुष्य देता येतो काय? मीमांसकांनी हा प्रश्न विश्वजित् यज्ञाच्या निमित्ताने उभा केला आहे. त्या यज्ञात यजमानाने सर्वस्व द्यावयाचे असते, तेव्हा त्या सर्वस्वात आईबाप, मुलेबाळे येतात की नाही, असा पूर्वपक्ष मांडून जैमिनीने निर्णय दिला की ज्यावर स्वामित्व आहे तेवढेच देता येते आणि आप्तांवर तसले स्वामित्व कोणाचेच नसते. याज्ञवल्क्यानेही देय वस्तूंतून पत्नी आणि पुत्र स्पष्टपणे वगळले. मग कन्येचे काय? तेथे निबंधकारांनी मोठ्या खुबीने सांगितले की कन्यादानातले ‘दान’ गौण अर्थाने घ्यावयाचे, कारण उदक सोडले तरी बापाचे बापपण फिटत नाही. शास्त्र येथे खरोखर समंजस आहे. परंतु शास्त्राने गौण ठरवलेला अर्थ समाजाने मुख्य करून टाकला, आणि ‘मुलगी दिल्या घरची’ हे वाक्य आपल्या आज्यापणज्यांनी दस्तऐवजावरच्या शिक्क्यासारखे वापरले. मामाने नवरीला बोहल्यावर आणावयाचे आणि भावाने नवऱ्याचा कान पिळावयाचा, एवढाच काय तो माहेरचा ताबा आपल्या मांडवात उरला आहे.

मंगळूरकडच्या तुळुनाडात मात्र या उदकाला दुसऱ्याच एका कायद्याशी गाठ घालावी लागली. तेथील बंट, बिल्लव, मोगवीर इत्यादी समाजांत अळियसंतान, म्हणजे वारसा मामाकडून भाच्याकडे जाण्याची पद्धत, शतकानुशतके चालत आली. १९४९ मध्ये मद्रास सरकारने तिच्यासाठी वेगळा कायदा केला आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यालाही तिची दखल घ्यावी लागली. तिची उत्पत्ती सांगणारी आख्यायिका जहाजांची आहे. देवपांड्याने गलबते बांधली, ती समुद्रात लोटताना कुंडोदर नावाचे भूत आडवे आले आणि त्याने मालकाच्या मुलाचा बळी मागितला. बायकोने आपला मुलगा देण्याचे साफ नाकारले. तेव्हा बहिणीने आपला मुलगा पुढे केला, भूत प्रसन्न झाले, त्याने त्या मुलाला जीवदान दिले, आणि मामाची मालमत्ता पुढे त्या भाच्याकडे गेली. माझ्या सहकाऱ्यांना या कथेचा मोठा अभिमान होता. माझे मत विचाराल, तर जैमिनीच्या न्यायासनापुढे ती बायकोच जिंकली असती: जे आपले नव्हे ते देण्यास तिने नकार दिला, आणि तिच्या मुलांचा वारसा गेला तो या शहाणपणापायी! भाऊ ज्या बहिणीच्या नावे वंश मोजतो ती बहीणही येथे देणारीच ठरते, आणि घराचा कारभार तर शेवटी मामाच्याच हाती राहतो.

तरीही त्या पद्धतीत एक गोष्ट अशी होती की जी आपल्या ‘दिल्या घरी’ नव्हती, आणि ती म्हणजे परतीची वाट. तुळू बायका शेतात लावणी करताना सिरी नावाच्या नायिकेचे पाड्दन, म्हणजे कथागीत, गातात. गोपाल नाईक यांनी सांगितलेले ते महाकाव्य फिनलंडच्या लौरी होंको यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केले, त्याच्या ओळी पंधरा हजारांवर भरतात. नवऱ्याने आपल्या अंगवस्त्राच्या अंगाला लागलेले लुगडे सिरीपुढे धरले, तेव्हा तिने ते झिडकारले, पुढे फारखत घेतली आणि दुसरे लग्नही केले. आणि अशा स्त्रीला त्या लोकांनी वाळीत टाकले नाही, दैवत केले. सिरीच्या जत्रेत पौर्णिमेच्या रात्री बायकांच्या अंगात येते, तेव्हा त्यांना विचारतात, तू कोण, कोणाची.

हाच प्रश्न कठोपनिषदात आहे. बापाने सर्वस्व देण्याचा यज्ञ मांडला, मुलाने ‘मला कोणाला देणार?’ म्हणून तीनदा विचारले, आणि बापाने रागाच्या भरात त्याला मृत्यूच्या स्वाधीन केले. नचिकेत्याने यमाकडे मागितलेल्या तीन वरांपैकी तिसऱ्यावर, आत्मविद्येवर, आचार्यांनी भाष्यांचे डोंगर रचले. मला मात्र पहिला वर अधिक जड वाटतो. मी परत जाईन तेव्हा बापाने मला ओळखावे आणि प्रसन्न चित्ताने माझ्याशी बोलावे, एवढेच त्या पोराने आधी मागून घेतले. ब्रह्मज्ञान पुढे, आधी घराचा दरवाजा.

बजबजच्या घाटावर बसून हे सुचावे, यात नवल काही नाही. समुद्र ओलांडला की जात गेली असे मानणाऱ्या देशात, १८९७ च्या फेब्रुवारीत, पश्चिमेहून परतलेले विवेकानंद मद्रासेहून बोटीने येऊन येथेच उतरले, आणि खास गाडीने सियालदहला पोचले तेव्हा त्यांच्या स्वागताला लोक लोटले होते. पुढे सतरा वर्षांनी, २९ सप्टेंबर १९१४ रोजी, ‘कोमागाटा मारू’ हे जहाज याच ठिकाणी लागले. कॅनडाने त्यावरच्या ३७६ हिंदी उतारूंपैकी मोजक्यांखेरीज कोणाला किनाऱ्यावर पाऊल ठेवू दिले नव्हते, दोन महिने बंदरात अडकवून जहाज परत धाडले होते. आणि मायदेशाच्या सरकारने त्याच महिन्यात वटहुकूम काढून ठेवला होता की परत येणाऱ्यांना हवे तेथे अडवता यावे. त्यांना परस्पर पंजाबच्या गाडीत कोंबण्याचा बेत होता. त्यांनी तो मानला नाही. ग्रंथसाहिब पुढे घेऊन ते कलकत्त्याच्या वाटेने चालू लागले, त्यांना माघारी आणण्यात आले, आणि संध्याकाळी स्टेशनाजवळ गोळीबार झाला. सुमारे वीस माणसे आपल्याच मुलखाच्या उंबरठ्यावर मेली.

१९५२ साली नेहरूंच्या हस्ते तेथे स्मारक उघडले गेले. स्टेशनाच्या पाटीवर आज गावाच्या नावाआधी त्या जहाजाचे नाव आहे: कोमागाटा मारू बजबज.