तटस्थ चिन्हाचा प्रश्न

दृश्यचिन्ह भाषेच्या सीमा ओलांडते आणि म्हणून ते संस्कृतींना जोडते, हा विश्वास आधुनिक ग्राफिक डिझाइनच्या मुळाशी आहे. ऑटो नॉयराट यांनी १९२५ मध्ये व्हिएन्नात सुरू केलेल्या संग्रहालयातून पुढे 'आयसोटाइप' या नावाने ओळखली गेलेली चित्रपद्धती विकसित झाली. शब्द माणसांना विभागतात, चित्रे त्यांना एकत्र आणतात, ही तिच्यामागील धारणा होती. विमानतळांवरील आणि रेल्वे स्थानकांवरील चिन्हांत ती आजही वावरते. परंतु चिन्ह ओळखता येणे आणि परसंस्कृतीचे आकलन होणे या दोन गोष्टी एकच आहेत काय? बाहेर जाण्याचा दरवाजा ओळखण्यासाठी प्रवाशाला परक्या समाजाशी कोणतेही नाते जोडावे लागत नाही. चिन्ह आणि आकलन यांच्यातील संबंधाची खरी कसोटी तिथे लागत नाही. ती लागते, चिन्ह न मानल्यास कोणाचा तरी जीव जातो तेथे. या दृष्टीने रेड क्रॉसच्या चिन्हाचा इतिहास विचारात घेण्यासारखा आहे.

१८६४ च्या जिनीव्हा कराराने रणांगणावरील वैद्यकीय सेवेसाठी पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबडा क्रॉस हे चिन्ह निश्चित केले. हे चिन्ह म्हणजे स्वित्झर्लंडच्या राष्ट्रध्वजाच्या रंगांची अदलाबदल असून त्या देशाविषयीच्या आदरापोटी ते स्वीकारले आहे, असा खुलासा १९०६ च्या करारात करण्यात आला. म्हणजे हे धर्मचिन्ह नव्हे, असे चिन्हकर्त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि १८६५ मध्येच करारात सामील झालेल्या ऑटोमन साम्राज्याने १८७६ मध्ये कळविले की, क्रॉसमुळे मुस्लिम सैनिकांच्या भावना दुखावतात. म्हणून आपली पथके तांबडी चंद्रकोर वापरतील.

संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत हा पेच नेमका मांडता येतो. चिन्हाची अभिधा करार करणाऱ्यांच्या हाती असते. 'येथे जखमी आहेत, मारू नका' हा संकेत ठरविता येतो, कागदावर लिहिता येतो. व्यंजना मात्र ठरविता येत नाही. ती वाचणाऱ्याच्या स्मृतीतून उमलते. क्रॉस पाहताना एकाला जिनीव्हा आठवते, दुसऱ्याला धर्मयुद्धे. महाराष्ट्रातील वाचकाला याचा पडताळा दूर शोधावा लागणार नाही. उंबरठ्यावर मांगल्यासाठी काढले जाणारे स्वस्तिक आणि १९२० मध्ये नाझी पक्षाने ध्वजावर घेतलेली तत्सम आकृती यांच्या रेषा जवळपास सारख्या असल्या, तरी त्यांच्या व्यंजना परस्परांना ओळखही देत नाहीत. चिन्ह आणि अर्थ यांचे नाते यादृच्छिक आहे, हे सोस्यूरचे प्रतिपादन मान्य केले, तरी वाचणारा यादृच्छिक नसतो. तो इतिहास घेऊनच चिन्हासमोर उभा राहतो.

ऑटोमन भूमिकेचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. आपण चंद्रकोर वापरू, परंतु शत्रूच्या क्रॉसचा मान राखू, असे आश्वासन तिच्यात होते. रशियाबरोबरच्या युद्धात हे परस्पर तत्त्वावर मान्य झाले. जे चिन्ह अंगावर धारण करणे आपल्याला अशक्य आहे, त्याच्या छायेतील माणसाला मात्र हात लावायचा नाही, ही देवघेव समान चिन्हातून निर्माण झालेली नाही. ती समान चिन्हाच्या नकारातून निर्माण झाली आहे.

मग प्रत्येक संस्कृतीने आपापले चिन्ह वापरावे, असा निष्कर्ष काढावा काय? येथे दुसरा, तितकाच गंभीर नैतिक दावा आडवा येतो. चिन्हांची संख्या वाढेल तसतशी सैनिकाला ती ओळखता येण्याची शक्यता घटते आणि त्या संदिग्धतेची किंमत जखमी माणूस मोजतो. म्हणूनच १९२९ च्या करारात तांबडी चंद्रकोर आणि इराणचे तांबडे सिंह-सूर्य यांना मान्यता मिळाली, तीही ती चिन्हे आधीपासून वापरणाऱ्या देशांपुरतीच. १९३५ मध्ये अफगाणिस्तानने मागितलेल्या तांबड्या मेहराबीस नकार मिळाला आणि १९४९ च्या परिषदेत इस्रायलची तांबड्या षट्कोनी ताऱ्याची मागणी फेटाळली गेली. एका समाजाचा आत्मसन्मान आणि एका अनोळखी जखमी माणसाची सुरक्षितता यांत कोणते मूल्य श्रेष्ठ, हा प्रश्न आलेखनकलेच्या कक्षेत सुटणारा नाही.

या संदर्भात एक तपशील उद्बोधक आहे. जिनीव्हा करारांनी क्रॉसची प्रमाणे किंवा चंद्रकोरीची दिशा निश्चित केलेली नाही. ग्राफिक डिझाइनचा व्यवहार काटेकोर मापांवर चालतो. येथे मापे जाणीवपूर्वक टाळली आहेत. मापे ठरविली असती, तर 'चिन्ह नियमाप्रमाणे नव्हते' ही हल्ल्याची सबब झाली असती. म्हणजे आकृतीच्या नेमकेपणाहून वाचणाऱ्याची जबाबदारी मोठी मानली गेली. साहित्यकृती सहृदय वाचक गृहीत धरते. हे चिन्ह तसे गृहीत धरू शकत नाही. त्याचा वाचक शत्रू आहे, घाईत आहे, भयाने ग्रासलेला आहे. सहृदयतेचा भरवसा नसताना जे उरते, तो संकेत. आणि संकेत म्हणजे अखेर दिलेला शब्दच.

८ डिसेंबर २००५ रोजी तिसऱ्या अतिरिक्त शिष्टाचार-कराराने 'रेड क्रिस्टल' स्वीकारला: एका कोपऱ्यावर उभी केलेली तांबडी चौकट, आत पांढरी मोकळी जागा. धर्म, राष्ट्र, इतिहास यांपैकी कशाचाही स्पर्श नसलेली ही आकृती तटस्थतेचे स्वप्न साकार करते, असे वाटू शकते. तिच्यामुळे वाट मोकळी झाली. २००६ मध्ये इस्रायलची 'मागेन दाविद आदोम' आणि पॅलेस्टाईनची रेड क्रेसेंट या दोन्ही संस्था चळवळीत एकाच वेळी दाखल झाल्या. ही उपलब्धी लहान नव्हे. परंतु त्याच कराराने ओळखीसाठी त्या मोकळ्या जागेत आपापले चिन्ह ठेवण्याची मुभाही दिली आणि आजही बहुतेक राष्ट्रीय संस्था क्रॉस किंवा चंद्रकोरच वापरतात. व्यंजनारहित चिन्ह घडविता येते. त्याच्यावर माणसे जीव टाकतीलच असे नाही.

तेव्हा संस्कृतींमधील देवघेवीचे श्रेय चिन्हाच्या सार्वत्रिकतेला देणे अपुरे ठरते. चिन्ह एवढेच करू शकते की, आपण निरागस नाही हे लपवू नये आणि समोरच्याच्या नकाराला जागा ठेवावी. १८७६ मध्ये जे घडले, ते आकृतीने घडविले नव्हते. न पटणाऱ्या आकृतीपुढे शस्त्र खाली ठेवण्याच्या कबुलीने घडविले होते. ही कबुली प्रत्येक रणांगणावर नव्याने द्यावी लागते. ती दिली गेली नाही, तर पांढऱ्या कापडावरील तांबडा रंग नेम धरण्यासही उपयोगी पडतो.