सीए रिपोर्ट येणे बाकी

जळगाव-धुळ्याच्या कोर्टांत बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्याचं दोषारोपपत्र सहसा मुदतीत दाखल होतं, कारण ६० किंवा ९० दिवस उलटले की आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पण त्यात पुष्कळदा एक ओळ असते : सीए रिपोर्ट येणे बाकी. म्हणजे केमिकल ॲनालायझरचा, डीएनएसारख्या तपासण्यांचा प्रयोगशाळेतला अहवाल अजून आलेला नाही. पीडितेच्या घरच्यांचं खरं ताटकळणं तिथून सुरू होतं.

डीएनए तपासणीला मुळात महिने लागत नाहीत. डागाचा तुकडा कापायचा, त्यातून डीएनए वेगळा काढायचा, पीसीआरने तो वाढवायचा, यंत्रावरचा आलेख आरोपीच्या रक्ताशी ताडायचा. नमुना चांगला असेल तर हे काही दिवसांचं काम. बाकीचा काळ खातात मुद्देमाल खोली, नमुने न्यायला मोकळा नसलेला शिपाई आणि नाशिकच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेतली रांग. धुळ्यातली प्रयोगशाळा लघु स्वरूपाची, म्हणून नमुने नाशिकला. जळगावहून नाशिक सुमारे अडीचशे किलोमीटर.

मला मुद्देमाल खोलीतले दिवस सर्वांत घातक वाटतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो. ओलसर कपडा सावलीत न वाळवता प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला, तर बुरशी धरते, जिवाणू वाढतात, डीएनएचे तुकडे होत जातात. म्हणून तर कागदी पाकिटाचा आग्रह. इथे उशिरामुळे उत्तर नुसतं लांबत नाही, ते नासतं.

आणि नमुना शाबूत राहिला तरी संशय उरतोच. दिल्लीच्या छावला बलात्कार-खून खटल्यात १४ आणि १६ फेब्रुवारी २०१२ ला जप्त केलेले नमुने २७ तारखेपर्यंत पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत होते. खालच्या न्यायालयांनी फाशीची शिक्षा सुनावलेले तिघे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून सुटले. त्या निकालात या दिवसांवर बोट ठेवलेलं आहे. जुलै २०२५ मध्ये, तमिळनाडूतल्या एका खटल्यात, त्याच न्यायालयाने नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवा असं देशभरासाठी बजावलं. पोचल्यावर अहवाल किती दिवसांत हवा, हा प्रश्न तरीही राहतोच.

तेव्हा धुळ्यात डीएनए तपासणीची पूर्ण सोय व्हावी, हे मागणं रास्तच आहे. त्याला वेळ लागेल. पण जप्ती, रवानगी, पोहोच आणि अहवाल या चार तारखा फिर्यादीला आणि आरोपीच्या वकिलाला आजही कळवता येतील. त्याला नवी इमारत लागत नाही. आरोपीच्या वकिलाला तर त्या नक्कीच कळवाव्यात, कारण चुकीचा माणूस धरला गेला असेल, तर त्याची सुटका त्याच सीलबंद पाकिटात असते आणि तोवर तो कारागृहात दिवस काढत असतो.