दिलेल्या धान्याचा धनी कोण?

रास्त भावाच्या दुकानातून तांदळाची पिशवी घेऊन निघालेली एखादी बाई वाटेवरच्या किराणा दुकानाशी थांबते, त्यातला थोडा तांदूळ वाण्याच्या तराजूत ओतते आणि आलेल्या पैशांत पाव किलो गोडेतेल, चहाची पुडी व मुलांसाठी बिस्किटांचा पुडा घेऊन घरची वाट धरते. असे दृश्य ज्यांच्या पाहण्यात आले नाही असे वाचक विरळाच. त्यावर होणारी टीकाही सर्वांच्या कानांवरची आहे. फुकट मिळाले की किंमत राहत नाही. कर आम्ही भरायचा आणि बिस्किटे यांनी खायची. पोटासाठी दिले ते जिभेला गेले. अशी टीका करणारी माणसे दुष्ट असतात असे मुळीच नाही. त्यांतील पुष्कळांनी स्वतः पै पै जोडून संसार केलेला असतो, मुलांना शिकवलेले असते. म्हणूनच त्यांचा आक्षेप हसण्यावारी नेणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. एकदा दिलेल्या धान्यावर देणाऱ्याचा अधिकार किती उरतो, हा प्रश्न त्या आक्षेपाच्या मुळाशी आहे आणि तो खरा प्रश्न आहे.

दिले जाते ते काय, हे आधी पाहू. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळते आणि अंत्योदय कुटुंबास एकूण ३५ किलो. पूर्वी त्यासाठी तांदळाला किलोमागे ३ रुपये, गव्हाला २ रुपये व भरडधान्याला १ रुपया मोजावा लागे. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य झाले आणि जानेवारी २०२४ पासून पुढील ५ वर्षे तसेच राहील असे केंद्र शासनाने जाहीर केले. सुमारे ८० कोटी माणसे या पंगतीला बसतात. परंतु ताटात पडते ते किती? महिन्याचे ५ किलो म्हणजे दिवसाचे सुमारे १६६ ग्रॅम. या कायद्याच्या हमीत डाळ नाही, तेल नाही, तिखट-मीठ नाही, चूल पेटवायला सरपण वा गॅस नाही. नुसता भात कोणाच्या घशाखाली उतरत नाही, आणि गहू मिळाला तरी गिरणीवाला दळणाचे पैसे रोख मागतो. कधी किनाऱ्यावरच्या भातखाऊ घराच्या वाट्याला गहू अधिक येतो, तर कधी देशावरच्या ज्वारी-बाजरीच्या घरात तांदूळ साचतो. लोहादी पोषकद्रव्ये मिसळलेला तांदूळ येऊ लागला, तेव्हा पाण्यावर तरंगणारे त्यातील दाणे पाहून अनेक घरांत तो 'प्लॅस्टिकचा तांदूळ' ठरला आणि बायकांनी ते दाणे वेचून फेकले. ते कसले आहेत हे त्यांना कोणी धड समजावून सांगितलेच नव्हते. अशा स्थितीत पिशवीतल्या थोड्या तांदळाचे तेल होणे ही उधळपट्टी म्हणावी की स्वयंपाक, हे वाचकांनीच ठरवावे.

हे धान्य विकणे नियमात बसत नाही, याची आम्हांला जाणीव आहे. गोदामातून पोतीच्या पोती परस्पर पळवणारे व्यापारी आणि त्यांना सामील असणारे दुकानदार यांची गय व्हावी असेही आम्ही म्हणत नाही. त्यांचा काळाबाजार आणि त्या बाईची दोन शेर तांदळाची अदलाबदल यांना एकाच मापाने मोजू नये, एवढेच आमचे म्हणणे.

शिवाय, मदत नेमकी कशावर खर्च झाली हे सांगणे वाटते तितके सोपे नाही. पैशावर नाव कोरलेले नसते. ज्या घराला ५ किलो तांदूळ विनामूल्य मिळाला, त्या घराचे ५ किलोंचे पैसे वाचले. ते वाचलेले पैसे वह्यांवर गेले, औषधावर गेले की जत्रेतल्या पाळण्यावर, ते मोकळेच राहिले. तांदूळ विकला नाही म्हणून मदतीचा विनियोग 'शुद्ध' झाला आणि विकला म्हणून 'अशुद्ध', हा हिशेब वरवरचा आहे. चीनच्या हुनान प्रांतात जेन्सन आणि मिलर या अर्थतज्ज्ञांनी गरीब कुटुंबांना तांदूळ स्वस्तात मिळण्याची सोय करून पाहिली. तेथे तांदळाचे खाणे वाढण्याऐवजी काहीसे घटले. तांदळावरचा खर्च हलका होताच लोकांनी थोडे चवीचे खाणे जवळ केले. आपल्याकडे तरी वेगळे काय घडते आहे? ग्रामीण भारतातील दरडोई खर्चात तृणधान्यांचा वाटा १९९९-२००० मध्ये सुमारे २२ टक्के होता, तो २०२२-२३ च्या सरकारी पाहणीत ५ टक्क्यांच्या आसपास आला. आणि चहा-पेये व तयार खाद्यपदार्थांवरचा खर्च साडेनऊ टक्क्यांच्या पुढे गेला. हे आकडे गरीब-श्रीमंत अशा सर्वच ग्रामीण कुटुंबांचे मिळून आहेत. म्हणजे बिस्किटाचा पुडा ही एकट्या गरिबाची खोड नाही, सगळ्या गावाची आहे.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे, कारण गरिबाच्या पिशवीत डोकावण्याची हौस त्या देशाने फार दिवस आणि फार पद्धतशीरपणे केली. तेथे १९३९ साली न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरी अन्नतिकिटांचा आरंभ झाला. तिकिटे दोन रंगांची होती : नारिंगी तिकिटावर मनाजोगते अन्न घेता येई, निळ्या तिकिटावर मात्र सरकारने शिलकी ठरवलेला शेतमालच. पुढे १९६४ साली कायदा झाला, कागदी तिकिटांच्या जागी कार्ड आले, २००८ साली योजनेचे नाव बदलून 'स्नॅप' झाले. आज या कार्डावर साबण मिळत नाही, तान्ह्या मुलाचे लंगोट मिळत नाहीत, दारू-तंबाखू तर नाहीच. काही अपवाद सोडता भाजलेली कोंबडी गरम असेल तर मिळत नाही आणि तीच थंड करून ठेवलेली असेल तर मिळते! नियम करणाऱ्यांच्या बुद्धीला आम्ही काय म्हणावे?

तेथील कृषी खात्याने २०१६ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. एका मोठ्या किराणा दुकानसाखळीतील २०११ सालची खरेदी त्यात तपासली होती. कार्डधारक कुटुंबांची वेगळी आणि इतरांची वेगळी. दोघांच्याही खरेदीत डॉलरमागे सुमारे ४० सेंट मांस, फळे, भाज्या, दूध, अंडी, पाव यांवर गेले होते आणि सुमारे २० सेंट गोड पेये, मिठाया, खारे पदार्थ व साखर यांवर. दोन्ही गटांत मोठा म्हणावा असा फरक नाही, हा अहवालाचा निष्कर्ष. मात्र कार्डधारकांच्या यादीत थंड पेयांचा क्रमांक पहिला होता आणि इतरांच्या यादीत दुसरा, तेवढेच वर्तमानपत्रांनी उचलले. पहिल्या क्रमांकाची बातमी झाली, दुसऱ्याची झाली नाही. २०२५ साली नेब्रास्का राज्याला अशी पेये कार्डावर न देण्याची परवानगी सर्वप्रथम मिळाली, मागोमाग इतर काही राज्यांनाही. साखरेचे पाणी आरोग्याला वाईट आहे, यात वाद नाही. तथापि ते वाईट असेल तर दुकानाच्या त्याच रांगेत पुढे उभ्या असलेल्या पगारदारालाही वाईटच आहे. त्याच्या हातातली बाटली कोणी काढून घेत नाही.

येथे आम्ही मूळ प्रश्नाकडे येतो. देणाऱ्याचा अधिकार किती हे, दिले ते कोणत्या नात्याने, यावर अवलंबून असते. धान्य ही भीक असेल तर एक उत्तर संभवते, देणे असेल तर दुसरे. आपल्या देशात राजस्थानातील भुकेच्या संदर्भात २००१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे याचिका आली. न्यायालयाच्या आदेशांनी अन्नयोजनांना कृपेच्या जागी हक्काचे रूप दिले आणि २०१३ च्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. संत थॉमस अक्वायनस यांनी तर तेराव्या शतकातच मांडून ठेवले आहे की श्रीमंताजवळचे अधिकचे जे आहे ते निसर्गनियमानेच गरिबाच्या पोषणासाठी देणे लागते. देणे फेडणाऱ्याने, तू या पैशांचे काय करणार असे विचारायचे नसते. सरकारी सेवकाला महागाई भत्ता मिळतो, तोही कराच्याच पैशांतून. त्या भत्त्यातून त्याने डाळ आणली की सिनेमाची तिकिटे, याची चौकशी करण्याचे आजवर कोणाच्या मनात आले आहे काय? दिवाळीचा बोनस कोठे गेला, हे कारखान्याचा मालक कामगाराच्या घरी जाऊन पाहत नाही. चौकशीचा हा सोस गरिबाच्या पायरीशीच का जागा होतो, याचा विचार आम्हां मध्यमवर्गीयांना थोडा अवघडल्यासारखा करतो.

आणि समजा, हे दान आहे. तरी काय? आपल्या धर्मग्रामांतून संत विन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद घरभेटीला जातात, शिधा पोहोचवतात. फार मोलाचे काम आहे ते. पण घरात शिरताच कोपऱ्यातल्या दूरचित्रवाणी संचावर नजर जावी आणि परतीच्या वाटेवर बोलणे शिध्याऐवजी त्या संचाविषयी व्हावे, हेही घडत असते. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली मिलान येथील बेघरांच्या एका मासिकाला मुलाखत दिली होती. भिकाऱ्याला दिलेले पैसे दारूच्या पेल्यात जातील, या नेहमीच्या शंकेवर त्यांनी शंका घेणाऱ्यालाच उलट विचारले की तू स्वतः गुपचूप कोणते सुख भोगतोस? हा प्रश्न ऐकून त्या काळी काही भाविकही नाराज झाले असतील. आम्हांला मात्र तो योग्य ठिकाणी लागला असे वाटते. महाराष्ट्र शासनानेही २०२२ च्या दिवाळीला १०० रुपयांत रवा, चणाडाळ व साखर प्रत्येकी एक किलो आणि पामतेल एक लिटर दिले आणि त्याला 'आनंदाचा शिधा' असे नाव ठेवले. गरिबाच्या ताटात गोडाला जागा आहे, हे त्या एका नावाने सरकारदरबारी मान्य झाले. मग दिवाळी वा नाताळ सोडून उरलेल्या दिवशीच ते गोड पाप कसे ठरते?

येथवरचा युक्तिवाद आम्हांला पटतो. तरी एक अडचण उरते, आणि ती या सगळ्याहून कठीण आहे. आपण 'कुटुंब' म्हणतो तेव्हा जणू एकच माणूस बोलतो, एकच खातो असे धरून चालतो. प्रत्यक्षात घरात नवरा असतो, बायको असते, म्हातारी सासू असते, दूध मागणारे मूल असते. नवऱ्याने ते धान्य गुत्त्यावर नेऊन टाकले तर तो त्याचा हक्क, असे म्हणायला आमची जीभ धजत नाही, कारण ते धान्य त्याचे एकट्याचे नव्हतेच. तेथे तो सरकारला फसवत नाही, मुलाच्या ताटातले उचलतो. गरिबाला पैसा मिळाला की तो दारूत जातो, ही समजूत मात्र तपासाला उतरत नाही. इव्हान्स आणि पोपोवा या अभ्यासकांनी २०१४ साली अनेक देशांतील रोख मदतीच्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा दारू-तंबाखूवरचा खर्च अशा मदतीने सर्वसाधारणपणे वाढत नाही असेच आढळले. परंतु सरासरी हा काही ज्या घरात मूल उपाशी निजते त्या घराला दिलासा नव्हे.

या अडचणीचे उत्तर २०१३ च्या कायद्यातच एका कलमात आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख म्हणून घरातील सर्वांत वडील, १८ वर्षांवरील स्त्रीचे नाव धरावे, असे ते कलम सांगते. धान्याचा धनी कोण, याचे हे कायद्याने दिलेले उत्तर. धनीण म्हणावे, हे अधिक बरे. मग तिला काय हवे, हे तिला कोणी विचारले आहे काय? रीतिका खेरा यांनी २०११ साली सहकाऱ्यांसह नऊ राज्यांत पाहणी केली, त्यात धान्य हवे की त्याऐवजी रोख पैसे, असे शिधापत्रिकाधारकांना विचारले होते. जवळजवळ दोनतृतीयांश लोकांनी धान्य मागितले. जेथे दुकान नीट चालते तेथे धान्याकडे ओढा अधिक. जेथे दुकानदार लुबाडतो तेथे लोक रोखीकडे झुकले. याला आम्ही शहाणपण म्हणतो. पैसे घरात आले की चार हात पुढे येतात आणि बाजारभाव चढला की तेच पैसे अपुरे पडतात. डब्यातले धान्य मात्र शिजवावे लागते आणि शिजवणारी ती असते.

पुढे शासनांनी रोखीचे प्रयोग केले. महाराष्ट्रात मराठवाडा व विदर्भातील शेतकरी आत्महत्याग्रस्त अशा १४ जिल्ह्यांत केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये खात्यावर देण्याचे २०२३ साली ठरले. झारखंडातील प्रयोग त्याआधीचा. रांचीजवळच्या नगडी तालुक्यात ऑक्टोबर २०१७ पासून किलोला १ रुपया दराने मिळणारा तांदूळ एकाएकी ३२ रुपयांचा झाला. फरकाची रक्कम सरकार खात्यावर जमा करणार, ती काढून आणून तांदूळ त्याच दुकानातून घ्यायचा. म्हणजे रोख हाती आली, पण तिचा विनियोग मात्र सरकारने आधीच ठरवून दिलेला. पैसे जमा झाले की नाही ते पाहायला बँकेत एक हेलपाटा, ते काढायला दुसरा, दुकानात तिसरा, आणि तेवढ्या दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळीच. पाहणीत बहुतेक सर्वांनी योजनेला विरोध नोंदवला, गावकरी रांचीपर्यंत मोर्चा घेऊन गेले, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने ती मागे घेतली. मोर्चेकऱ्यांची मागणी एवढीच होती की रुपया किलोचा तांदूळ पूर्वीप्रमाणे दुकानातच मिळावा.