पहिला चावा कोणाचा?

कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहराच्या कौन्सिलने २०११ मध्ये ठरवलं, की घरमालकाला आपल्या परसात आठपर्यंत कोंबड्या किंवा बदकं आणि दोन ठेंगण्या शेळ्या पाळता येतील. आपल्याला असल्या ठरावांचं हसू येतं. राजकारण म्हणजे दिल्ली, फार तर मुंबई. तेरा निवडून आलेल्या माणसांनी सोमवारी संध्याकाळी बसून शेळ्या मोजाव्यात, याला राजकारण कोण म्हणेल? पण कुंपणापलीकडे शेजाऱ्याने काय करावं आणि काय करू नये, याचा निकाल तिथेच लागतो. जाहीर सुनावणीत नागरिकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात आणि त्या तीन मिनिटांसाठी लोक तासन्‌तास ताटकळतात.

याच कौन्सिलने २०२० आणि २०२१ या लागोपाठच्या दोन वर्षांत दोन जुने नियम मोडीत काढायला घेतले. एक कुत्र्यांचा, दुसरा घरात कोणी कोणाबरोबर राहावं याचा. तिथल्या वर्तमानपत्रांनी हे दोन वेगळे विषय मानले. मला तो एकच वाद वाटतो.

आधी कुत्रा. डेन्व्हरमध्ये पिट बुलवर बंदी आली १९८९ मध्ये. त्याआधी तीन वर्षं एका लहान मुलाचा या कुत्र्याने जीव घेतला होता आणि बंदीच्या वर्षी एका धर्मोपदेशकाला त्याच्या घरामागच्या गल्लीत फाडलं होतं. शहर हादरलं होतं, आणि ते हादरणं खोटं नव्हतं. कायद्याने तीन जाती नावानिशी सांगितल्या आणि पुढे जोडलं, की या जातींची बहुतेक शारीरिक लक्षणं ज्याच्या अंगावर दिसतील तो प्रत्येक कुत्रा पिट बुलच समजावा. म्हणजे डोकं किती रुंद, जबडा कसा, छाती केवढी, हे पाहून शहराच्या कर्मचाऱ्याने निवाडा करायचा. कुत्रा कोणाला चावला का, हा प्रश्न त्या तपासणीत नव्हताच. पुढच्या तीन दशकांत या नियमापायी हजारो कुत्रे मारले गेले. राज्याच्या विधिमंडळाने २००४ मध्ये जातीवर आधारलेल्या अशा बंद्यांना मनाई केली, तर आपला स्वयंशासनाचा अधिकार पुढे करून डेन्व्हर कोर्टात गेलं, जिंकलं आणि २००५ मध्ये पुन्हा कुत्रे पकडू लागलं.

नजरेचा हा निवाडा किती कच्चा असतो, ते फ्लोरिडातल्या चार प्राणी-आश्रयकेंद्रांत तपासलं गेलं. तिथल्या अनुभवी माणसांनी १२० कुत्र्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक पिट बुल-वर्गातले ठरवले. डीएनए चाचणीत त्या वर्गातले निघाले सुमारे पाचवा हिस्सा. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२२ मध्ये अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास आला. एखाद्या कुत्र्याच्या वागण्यातल्या वेगळेपणापैकी जेमतेम नऊ टक्के भागाचा उलगडा त्याच्या जातीवरून होतो, असं त्यात निघालं.

आता घर. अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत जमिनीच्या वापराचे पट्टे आखलेले असतात: इथे कारखाना, इथे दुकानं, इथे फक्त एका कुटुंबाची घरं. ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये या आखणीवर शिक्कामोर्तब केलं. बंगल्यांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या इमारतींबद्दल त्या निकालपत्रात जी बांडगुळाची भाषा आहे, ती आज वाचताना अंगावर येते. ‘एका कुटुंबाचं घर’ म्हटलं, की कुटुंब म्हणजे कोण, हे ठरवणं ओघाने आलंच. न्यूयॉर्क राज्यातल्या बेल टेअर गावाने रक्ताचं किंवा लग्नाचं नातं नसलेल्या दोघांपलीकडे कोणी एका घरात राहू नये असा नियम केला. सहा विद्यार्थी एक घर भाड्याने घेऊन राहत होते. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाव जिंकलं. तीनच वर्षांनी ईस्ट क्लीव्हलंडचा खटला आला. तिथे एका आजीला शिक्षा झाली होती, कारण तिच्याकडे राहणारे दोन नातू एकमेकांचे सख्खे नव्हे, चुलत भाऊ होते. आजी सुटली, तीही एका मताने.

डेन्व्हरचा नियमही बेल टेअरच्याच वळणाचा. नातेवाईक कितीही राहोत, पण परके प्रौढ फक्त दोन. कर्कश भांडणारं, रस्ताभर गाड्या लावणारं बारा जणांचं गोत चालेल. तीन शिक्षिकांनी मिळून घर भाड्याने घेतलं तर तो नियमभंग. इथेही तोच कर्मचारी, तीच छातीची मापं! वागणूक बघायची नाही, गोत्र बघायचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये कौन्सिलने ११ विरुद्ध २ मतांनी ही मर्यादा दोनाची पाच केली. विरोधकांनी सह्या गोळा करून विषय मतदारांपुढे नेला, आणि दोनतृतीयांशाहून अधिक मतदारांनी जुन्या नियमाकडे परतायला नकार दिला.

इथवर गोष्ट सोपी आहे आणि सुधारकाच्या बाजूने सरळ चालते. अडचण पुढे आहे.

कुत्र्याची बंदी उठवण्याचा ठराव कौन्सिलने फेब्रुवारी २०२० मध्ये ७ विरुद्ध ४ मतांनी मंजूर केला, तेव्हा महापौर मायकेल हॅनकॉक यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. डेन्व्हरचा महापौर आपल्या महापौरांसारखा शोभेचा नसतो, शहराचा कारभार त्याच्याच हातात असतो. आठ वर्षांहून जास्त काळ पदावर असलेल्या हॅनकॉक यांचा हा पहिला नकाराधिकार. तो उलटवायला नऊ मतं हवी होती, पडली आठ. हॅनकॉक यांनी दिलेल्या कारणांत एक मला फार महत्त्वाचं वाटतं: शहरातल्या पाळीव प्राण्यांपैकी वीस टक्क्यांचीही नोंदणी झालेली नाही. म्हणजे ‘जात बघू नका, वागणूक बघा’ असं तुम्ही म्हणता, पण ज्या कुत्र्याची आमच्या दप्तरी नोंदच नाही त्याची वागणूक बघणार कोण?

याचं उत्तर तत्त्वात सापडत नाही. इंग्लंडकडून आलेल्या जुन्या कायद्यात कुत्र्याला एक चावा जणू माफ असे. तो चावरा आहे हे मालकाला ठाऊक होतं असं दाखवता आलं, तरच मालक जबाबदार. वागणुकीवर उभ्या असलेल्या प्रत्येक नियमात हा पहिला चावा दडलेला असतो, आणि तो बहुतेकदा एखाद्या पोराच्या नाहीतर म्हाताऱ्याच्या वाट्याला येतो. रूपावरून ठरवणारा नियम अन्यायी खरा, पण तो घटनेच्या आधी हलतो आणि त्याला माणूसबळही कमी लागतं. म्हणून तर गरीब आणि घाबरलेल्या नगरपालिकांना तो भुरळ घालतो. बंदीचं समर्थन करणाऱ्या प्रत्येकाला प्राणिद्वेष्टा ठरवणारे लोक ही गोष्ट सोयीने विसरतात.

आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने तेवीस जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्याचं पत्र राज्यांना धाडलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द केलं, संबंधितांचं म्हणणं न ऐकताच काढलं म्हणून. पत्राने जिथे घोडं दामटलं, तिथे डेन्व्हरने निदान जाहीर सुनावणी घेतली होती. आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांचा प्रश्न मात्र यात मिसळू नये. तिथे वागणुकीचा जाब विचारायला मालकच नसतो, आणि डेन्व्हरचं सगळं गणित मालकापासून सुरू होतं. घराच्या बाबतीत तर आपण कायद्याची वाटही पाहिली नाही. ‘बॅचलर्सना जागा नाही’ हे पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांनी कोणत्याही कौन्सिलशिवाय, सुनावणीशिवाय ठरवून टाकलं आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये डेन्व्हरच्या मतदारांनी पिट बुलची बंदी उठवली. तिच्या जागी परवाना आला: एका घरात असे दोनच कुत्रे, मायक्रोचिप, नसबंदी, रेबीजची लस, वर्षाची फी. छत्तीस महिने कुठलाही प्रकार न घडता गेले, की तो कुत्रा इतर कुत्र्यांच्या रांगेत येतो. मला ही तडजोड आवडते. रूपाने संशय जागा होतो, पण वागणुकीने तो धुऊन निघतो. तरी त्यातही महापौरांच्या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही. परवाना काढायला येतो तो मुळातच सांभाळून वागणारा मालक. जो येत नाही, भीती त्याचीच.

कॅनडातल्या कॅल्गरीने जातीवर बंदी कधी घातलीच नाही. ज्या काळात त्या शहराचा इतरत्र गवगवा झाला, तेव्हा तिथे कुत्र्यांच्या नोंदणीचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास सांगितलं जाई. जबर दंड, हरवलेला नोंदणीकृत कुत्रा थेट घरी पोचवणारी सेवा, आणि फीच्या पैशातून चालणारं खातं अशी ती व्यवस्था होती. नव्वद आणि वीस यांत अंतर आहे ते तपासनिसांच्या पगाराचं आणि गस्तीच्या गाड्यांच्या पेट्रोलचं. डेन्व्हरच्या त्या सभागृहात तीन मिनिटं मिळाली असती, तर मी पिट बुलबद्दल चकार शब्द काढला नसता. येत्या अंदाजपत्रकात प्राणी-संरक्षण खात्यात किती माणसं वाढणार आहेत, एवढंच विचारलं असतं.